गाण्याखालचा आवाज

कृष्णातचा धंदाच मुळी लोकांना रडवायचा. लग्नाचे व्हिडिओ कोल्हापुरात गल्लोगल्ली काढतात. ड्रोन उडवतात, नवरा-नवरीला पन्हाळ्यावर नेऊन वाऱ्यात शेला उडवायला लावतात. पण पाठवणीचा व्हिडिओ करावा तो राजारामपुरीतल्या कृष्णातनंच, असं उचगावापासून नेसरीपर्यंत बोललं जायचं. त्यानं केलेली पाठवणी बघून ज्याच्या डोळ्यांत पाणी आलं नाही, तो माणूस एक तर झोपला असणार, नाहीतर पंगतीतनं अजून उठलेला नसणार. ताटावर बसून दुसऱ्याची उणीदुणी काढणारी माणसंसुद्धा त्याचा व्हिडिओ लागला की नाक ओढायला लागायची.

त्याची एक रीत होती. अक्षता पडायच्या आधीच तो नवरीच्या बापाच्या सदऱ्याच्या आत बोटाएवढा माईक अडकवायचा. "आवाज नीट येतोय, मामा," एवढंच सांगायचा. खरं काम असायचं संध्याकाळी. लेक गाडीत बसताना बापाच्या गळ्यातनं जो हुंदका फुटतो, तो त्याला पाहिजे असायचा. तो हुंदका सापडला की त्याखाली हळू पेटी आणि वर गाणं. सिनेमातली गाणी घातली तर युट्यूबवाले आवाजच बंद करून टाकतात, म्हणून कागलच्या बाळासोकडनं त्यानं स्वतःची गाणी करून घेतली होती. बाळासो ऑर्केस्ट्रात गायचा, दिवसा दूध संस्थेत वजनकाट्यावर बसायचा, आणि लेकीवर गाणं लिहायला बसला की आधी स्वतःच रडायचा. त्याला तीन मुलगेच, पण ते असो.

तर त्या दिवशी दुपारी कृष्णातला फोन आला. आषाढ होता, मुहूर्त नव्हते, दुकानात तो जुने फोटो निवडत बसला होता.

"कृष्णातदादा, मी प्रियदर्शनी बोलतेय. तात्यासाहेब पाटलांची. वळकलं न्हवं?"

"व्हय की! बोला ताई."

"माझ्या लग्नातल्या पाठवणीचा व्हिडिओ पाहिजे होता. गाणं काढून."

"गाणं काढून?"

"तात्यांच्या कॉलरला माईक लावलेला न्हवं तुम्ही? त्याचा आवाज पाहिजे मला. नुसता. उद्या येते दुकानात."

कृष्णात "बघतो, बघतो" म्हणाला आणि फोन ठेवला. जुने फोटो निवडायचं त्यानं तिथंच सोडलं.

कारण तात्यासाहेबांच्या गळ्यातनं हुंदका फुटला नव्हता. भलतंच काहीतरी आलं होतं.

तात्यासाहेब म्हणजे कागलच्या बाजूचे जैन शेतकरी. ऊस, दोन गोठे, खताचं दुकान. शब्दाला पक्के आणि रागाला त्याहून पक्के. लेकीनं मराठ्याच्या घरातला राजवर्धन निवडला, तेव्हा त्यांनी दोन महिने तिच्याशी अबोला धरला. मग भावकीनं समजावलं, बायकोनं, पद्मावतीकाकूंनी, अन्न सोडायची भाषा केली, आणि म्हाताऱ्यानं लग्न लावून दिलं. दिलं तेही तोलामोलाचं. दिवसभर मांडवात फिरून "पावणं, जेवल्याबिगर जायचं न्हाई हं" म्हणत होते. संध्याकाळी प्रियदर्शनी पाया पडून उठली, तेव्हा तिच्या कानाशी वाकून ते म्हणाले, "माझ्या मातीला येऊ नगंस."

बाजूला बँड वाजत होता. पद्मावतीकाकू चार हात लांब, जाऊबाईच्या खांद्यावर डोकं ठेवून. ते वाक्य कुणालाच ऐकू गेलं नाही. माईकला तेवढं गेलं.

व्हिडिओ जोडताना कानातल्या हेडफोनमधनं ते ऐकलं, तेव्हा कृष्णातनं झटकन थांबवायचं बटण दाबलं होतं. बाप लेकीला असं बोलतो, मी मेल्यावर अंत्यविधीलाही येऊ नको म्हणून? तेही पाठवणीला? पण व्हिडिओ तर द्यायचा होता. मग त्यानं माईकचा आवाज पुरता बंद केला आणि बाळासोचं गाणं घेतलं. "जा लेकी, उंबऱ्यावर दिवा मी जागा ठेवीन." ही ओळ त्यानं अशी बेतून बसवली की तात्यासाहेबांचे ओठ हलतात त्याच क्षणी ती यावी. आणि काय सांगावं, तो दगडासारखा चेहरा मऊ झाला! ओठांवरचा राग गेला आणि तिथं माया आली. चित्र तेच, माणूस तोच, नुसती एक ओळ वर ठेवली. कृष्णातला तेव्हा स्वतःचाच अभिमान वाटला होता. मोनाला, बायकोला, बोलावून त्यानं दाखवलं आणि तीसुद्धा पदरानं डोळे पुसत आत गेली.

मागल्या दिवाळीनंतर तात्यासाहेब गेले. झोपेतच. तेव्हापासून पद्मावतीकाकू रोज टीव्हीवर ती पाठवणी लावतात, हे सगळ्या कागलला ठाऊक होतं. आल्यागेल्याला बसवून दाखवतात. "बघा, तोंडानं रागवायचे, पण जाताना लेकीला कसा आशीर्वाद दिला." माणसं मान डोलवतात. म्हातारी त्या ओळीवर जगत होती, असं म्हटलं तरी चालेल.

आणि आता लेकीला गाणं काढून पाहिजे होतं.

घरी उचगावला आल्यावर कृष्णातला घास गोड लागेना. मोनानं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा ताट ओढून घेतलं, तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. त्या वाक्याबद्दल तो तिच्याशी आजवर बोलला नव्हता. ऐकून तिनं ताट खाली ठेवलं.

"तिला ठाऊक न्हाई?" तिनं विचारलं.

"तिच्या कानाशीच बोलले. पण बँड दणादण वाजत होता. तिनं ऐकलं असतं, तर ती हे मागायला कशाला आली असती? तिला वाटतंय, ते गाण्यासारखं काहीतरी गोड बोलले असणार. तेच ऐकायचंय तिला."

"मग देऊ नकोस."

"न्हाई म्हणून सांगू? नवऱ्याला घेऊन यील. राजवर्धन हुशार हाय, कॉम्प्युटरमधलं त्याला सगळं कळतंय. डिस्क जोड, मीच शोधतो म्हणंल."

"मग असूच देऊ नकोस. पुसून टाक," मोना म्हणाली. "मेलेल्या माणसाचा असला शब्द घरात ठेवून कुणाचं भलं हुनार हाय?"

रात्रभर त्याचा डोळा लागला नाही. असं वाटे, तिला द्यावं, तिचा बाप, तिचा आवाज, आपण कोण मध्ये पडणारे? लगेच डोळ्यांपुढं ती पोरगी यायची, कानाला हेडफोन लावलेली, तोंडावर आस धरलेली. आणि मग ते वाक्य. बाप मेलेला, भांडायला नाही, माफी मागायला नाही. मग कागलात काकूंच्या कानावर जाणार. टीव्ही बंद होणार. आणि लोक म्हणणार, कृष्णातनं खोटं गाणं लावून फसवलं. हाही विचार त्याच्या मनात आला, आणि आला म्हणून त्याला स्वतःची लाजही वाटली.

सकाळी दुकान उघडून त्यानं हार्डडिस्क जोडली. तात्यासाहेबांच्या माईकची फाईल एकच होती, दिवसभराची, अखंड. त्याला आधी वाटलं, यातले चांगले शब्द कापून जोडावेत. "जेवल्याबिगर जायचं न्हाई" मधलं "जायचं न्हाई" घ्यावं, कुठनं तरी "पोरी" घ्यावं. हाताला सवय होती, जमलंही असतं. पण मेलेल्या माणसाच्या तोंडात आपले शब्द घालायचे, तेही गाण्यानं नाही, त्याच्याच आवाजानं! त्यानं तो नाद सोडला. तो फाईल पुढं सरकवत पाठवणीपाशी आला. बँड. कुणाचं तरी रडणं. "माझ्या मातीला येऊ नगंस." आणि नेहमीसारखं त्याचं बोट थांबवायच्या बटणावर गेलं. आजवर जितक्यांदा ऐकलं तितक्यांदा तिथंच गेलं होतं.

त्यानं ती फाईल पुसली. मग कचरापेटीतनंही पुसली. माईकच्या कार्डावर मागल्या हंगामातच दुसरी लग्नं चढली होती. कॅमेऱ्याच्या आवाजात बँडशिवाय काही नव्हतं. संपलं. त्यानं घटाघटा पाणी प्यायलं आणि छातीवरनं धोंडा उतरल्यासारखं त्याला वाटलं.

तेवढा वेळ वाटलं.

दुपारी प्रियदर्शनी एकटीच आली. बँकेतनं परस्पर आली होती, गळ्यात ओळखपत्र तसंच. राजवर्धन नव्हता, हे बघून कृष्णातला बरं वाटलं. तिनं खुर्ची ओढली. चहा नको म्हणाली.

"सापडलं?"

"न्हाई ताई," कृष्णात नजर न उचलता म्हणाला. "जुना डेटा आमी ठेवत न्हाई. पुसला गेला बघा."

"कधी?"

हे त्यानं ठरवून ठेवलं नव्हतं. तो उगाच माऊस हलवत राहिला. "मागंच."

तिनं गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. मग म्हणाली, "तुम्ही ऐकलंय ते. म्हणूनच गाणं घातलं न्हवं त्याच्यावर?"

कृष्णातनं तोंड फिरवलं. तरी त्याच्या तोंडावर सगळं दिसत असणार.

"दादा, ते काय बोलले ते मला ठाऊक हाय," प्रियदर्शनी म्हणाली. "माझ्याच कानात बोलले की. मातीला येऊ नगंस म्हणाले. आणि मी गेलते मातीला. ऐकलं न्हाई त्यांचं. आयुष्यात कधी ऐकलं होतं म्हणून त्या दिवशी ऐकणार?" ती हसली, पण ते हसू लगेच मोडलं. "आईला ते गाणंच खरं वाटतंय, वाटू दे. तिला मी कधी सांगणार न्हाई. सुरुवातीला मलाबी बरं वाटायचं ते बघून. मग वाटायला लागलं, ही ओळ तर सगळ्यांच्याच बापाच्या तोंडात बसतीय. माझ्या मैत्रिणीच्या पाठवणीतबी तीच हाय. माझा बाप असं बोलणारा न्हवता. तो जसा होता तसा पाहिजे होता मला."

आता खरं सांगण्यावाचून सुटका नव्हती.

"ताई, मागं न्हाई," तो म्हणाला. "आज सकाळी पुसलं. तुम्हाला लागंल म्हणून. माझ्या हातनं पुसलं मी."

तो शिव्यांची वाट बघत होता. तिनं ओरडावं, दुकानातलं काहीतरी फेकावं, असं त्याला मनापासून वाटलं. पण ती नुसती टेबलाची कड धरून बसली.

"दिवसभराचं?" तिनं विचारलं. "पावण्यांना जेवा म्हणत होते, तेबी?"

"एकच फाईल होती."

"तात्यांचा आवाज कुठंच न्हाई, दादा. फोनवर ते हॅलोच्या पुढं बोलायचे न्हाईत, त्यामुळं कुणीच कधी रेकॉर्ड केला न्हाई." ती थांबली. मग एकदम पुढं सरकली, आणि तिचा आवाज बारीक झाला. "बरं, एक सांगा. तेवढं तरी सांगा. ते वाक्य म्हणून झाल्यावर काय होतं?"

"म्हंजे?"

"मातीला येऊ नगंस म्हणाले, त्याच्या पुढं. माईक तर चालूच होता न्हवं? मी तेवढं ऐकलं आणि तशीच वळले. रागानं. गाडीत बसले आणि काच वर केली. मागं बघितलंच न्हाई. रडले का ते? काही म्हणाले? हाक मारली का मला? मला रोज वाटतं, हाक मारली असंल. रोज वाटतं, मारलीच नसंल. तुम्ही ऐकलंय, तुम्ही सांगा."

कृष्णातनं डोळे मिटले. बापाचा हुंदका पकडायला तो माईक लावायचा. ह्याच एका गोष्टीसाठी सगळं कोल्हापूर त्याला ओळखत होतं. आणि ह्या एका बापाच्या बाबतीत तो वाक्याच्या पुढं एक पळभरही थांबला नव्हता. एकदाही नाही. त्या वाक्यानंतर फाईलमध्ये काय होतं, ते त्यानं ऐकलं नव्हतं आणि आता जगात कुणीच ऐकणार नव्हतं. तो आठवायचा प्रयत्न करायला लागला, तर कानात बाळासोचं गाणं सुरू झालं. दिवा मी जागा ठेवीन. त्याला त्या गाण्याचा पहिल्यांदाच संताप आला.

म्हणता आलं असतं. "व्हय ताई, हाक मारली," असं म्हणायला काय लागत होतं? पोरगी हसत घरी गेली असती. आजवर त्यानं दुसरं काय केलं होतं? शब्द जिभेच्या टोकावर आले. पण समोर ती ज्या नजरेनं बघत होती, त्या नजरेपुढं त्याला ते बोलवेना.

"मी तेवढंच ऐकलं, ताई," तो म्हणाला. "पुढचं ऐकलंच न्हाई मी. दर वेळी तिथंच थांबवलं."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी दुकानासमोर गाडी लावली म्हणून मोठ्यानं भांडत होतं.

"म्हंजे माझ्यासारखंच केलं तुम्ही," प्रियदर्शनी म्हणाली. त्यात राग नव्हता, आणि तेच त्याला जास्त लागलं. तिनं ओढणीनं तोंड पुसलं. "चित्र तरी हाय न्हवं? लावा. गाणं नको."

कृष्णातनं गाणं बंद करून पाठवणी लावली. मोठ्या पडद्यावर तात्यासाहेब आले. गाण्याशिवाय तो चेहरा रागीटही दिसेना आणि मायाळूही दिसेना. दिवसभर उभं राहून दमलेला एक म्हातारा माणूस होता. ते वाकले, ओठ हलले, मिटले. नवरी वळली. कॅमेरा तिच्याबरोबर गाडीकडं वळला, कारण तसंच करायचं असतं, आणि तात्यासाहेब कडेला सरकत चित्राच्या बाहेर गेले. जाता जाता त्यांचे ओठ पुन्हा उघडले होते, का तो सावलीचा खेळ होता, ते कळायच्या आत पडद्यावर गाडीचा फुलांनी सजवलेला दरवाजा आला.

"परत लावा," प्रियदर्शनी म्हणाली.

कृष्णातनं परत लावलं. खोलीत पंख्याशिवाय कसलाही आवाज नव्हता, आणि दोघंही पुढं वाकून कान देऊन ऐकत होती.