नाताळात मार खाल्लेला ओंडका

मित्रांनो, मी एक जुना चिंचेचा ओंडका आहे. माणसं आपलं वय वर्षांत सांगतात, मी घावांत सांगतो. लाखाच्या पुढे मोजणं सोडून दिलं.

पहिला घाव कुऱ्हाडीचा. आंधळगावच्या तलावाच्या पाळीवर मी झाड म्हणून उभा होतो. चार माणसांनी दोन दिवस तोडलं, मग करवतीने बुंध्याचा गुडघाभर उंच गोल काढला आणि सोमाजीने तो आपल्या मटणाच्या दुकानात बसवला. चिंचेचं लाकूड सत्तूर झेलतं, भुसा सोडत नाही, म्हणून हा मान आमचा. मान म्हणजे रोज एक बोकड, रविवारी तीन. हाड तुटायचं, सत्तूर माझ्यात रुतायचा, रक्त आत मुरायचं. "काय लाकूड आहे!" असं सोमाजी माझ्यावर हात फिरवून म्हणायचा. बोकड कापताना डोळे मिटणारी माणसंच कलेजीसाठी सगळ्यात पुढे उभी असतात, हे मी तिथेच शिकलो.

सोमाजी वारला. थोरला भुपेंद्र आणि धाकटा इश्वर वाटणीला बसले. जागा झाली, सत्तूर झाले, तराजू झाले. अडलं ते माझ्यावर. बाबाच्या हाताची वस्तू दोघांनाही हवी होती. पंचांनी मिशीवर ताव देऊन न्याय केला: अर्धा-अर्धा. लोखंडी पाचर लावली आणि घणाने ठोकली. सोळाव्या टोल्याला मी उभा चिरलो. अर्धा ओंडका डुगडुगतो, हे त्या शहाण्यांपैकी एकालाही सुचलं नाही. पहिल्याच वर्षी भुपेंद्रच्या दुकानात मी हललो आणि त्याच्या बोटाचं टोक गेलं. तिसऱ्या वर्षी इश्वरचं. तेवढी वाटणी मात्र अगदी बरोबर झाली.

मग दोघांनी पांढरे प्लास्टिकचे ठोकळे आणले. माझा एक अर्धा या दुकानामागे पडला, दुसरा रस्त्यापलीकडच्या. कोंबड्या वर बसायच्या आणि जे करायचं ते करून जायच्या.

माझ्यासारखीच आणखी एक वाटणी झाली होती. त्यांची आई, मंदाबाई. पंधरा दिवस थोरल्याकडे, पंधरा धाकट्याकडे. अकरा वर्षं भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. म्हातारीचं मागणं एकच होतं. मरायच्या आधी दोघांना एका ताटात जेवताना पाहायचं.

गेल्या डिसेंबरात शाळेतल्या तृप्ती मॅडमने 'जगभरचा नाताळ' असा कार्यक्रम ठरवला. केक आणि चांदण्या ऐकून पोरं पेंगतात, मारामारी ऐकून ताठ बसतात, हे त्या बाई पक्कं ओळखून होत्या. त्यांना एक गोल ओंडका हवा होता. अर्धा मागायला त्या भुपेंद्रकडे गेल्या, अर्धा मागायला इश्वरकडे.

"न्या मॅडम," इश्वर म्हणाला, "पण माह्या अर्ध्याले त्याच्या घरच्या पोट्ट्यांनी हात नाही लावाचा."

चोवीस डिसेंबरला शाळेच्या पटांगणात मला दोराने बांधून एक केलं. डोळे, नाक रंगवलं, चादर पांघरली, चादरीखाली गोळ्या ठेवल्या. आपापला अर्धा राखायला दोघे भाऊ आले होते, पटांगणाच्या दोन टोकांना. मधल्या खुर्चीवर काठी घेऊन मंदाबाई.

पोरांनी कार्डं वाचली. मेक्सिकोत नाताळात सात शिंगांचं मडकं टांगतात आणि डोळे बांधून काठीने फोडतात. सात शिंगं म्हणजे सात पापं. ऑस्ट्रियाच्या डोंगरात शिंगवाला केसाळ राक्षस घंटा वाजवत फिरतो, खोडकर पोरांना फोकाने झोडतो. स्वीडनच्या एका शहरात गवताचा भलामोठा बोकड उभारतात आणि पुष्कळदा कोणीतरी चोरून पेटवून देतं. बोकड इथेही सुटला नाही तर! जपानात नाताळला तळलेली कोंबडी खातात, त्यासाठी आधीपासून नंबर लावतात. आणि स्पेनच्या कॅटलोनियात ओंडक्याला तोंड रंगवून रोज खाऊ घालतात, मग नाताळच्या आदल्या संध्याकाळी गाणं म्हणत त्यालाच काठ्यांनी बडवतात. म्हणजे तो पोटातून गोड खाऊ देतो.

तो ओंडका मी होतो. पन्नास काठ्या पडल्या. "लाकडा लाकडा, गोळ्या दे, नाही तर टोले घे!" पोरं बेंबीच्या देठापासून ओरडत होती. दोर तुटला, गोळ्या उधळल्या आणि इश्वरचा अर्धा घरंगळत जाऊन धाडकन भुपेंद्रच्या पायावर पडला.

"याचा अर्धाबी माह्या जिवावरच उठते!" भुपेंद्रने शिवी हासडली.

"काहून बे!" इश्वर पलीकडच्या टोकावरून धावत आला. "अकरा वर्षांनी तोंड उघडलं, ते शिवी द्याले?"

भुपेंद्रची बुक्की इश्वरच्या नाकावर बसली. रक्त आलं. इश्वरने त्याला छातीवर डोकं मारून भिंतीला नेऊन आपटलं. दात हलला, सदरा फाटला. माणसं सोडवायला धावली, तोच मंदाबाईची काठी आडवी झाली.

"कोणी मधात नाही पडाचं! चंदे, तू कोणतं कार्ड पाठ करून राहिली होती? वाच."

चंदा इश्वरची मुलगी. ती वाचू लागली, "पेरू देशातल्या डोंगरात काही गावांत पंचवीस डिसेंबरला लोक वर्षभराची भांडणं बुक्क्यांनी मिटवतात. बाजूला गाणी चालू असतात..."

"पुढं?"

"चाबूकवाला पंच असतो. पडलेल्याला मारायचं नाही. आधी आणि शेवटी गळाभेट घ्यायची."

"पंच मी," म्हातारी उठली. "आधीची गळाभेट राहिली, शेवटी डबल घ्या. मारा आता."

आणि त्यांनी मारलं. अकरा वर्षं साचलेलं सगळं. भुपेंद्रचा ओठ फाटला, इश्वरचा डोळा मिटला. शेवटी भुपेंद्र मातीत कोसळला. इश्वरने लाथ उचलली. काठी सपकन त्याच्या नडगीवर बसली.

"पडलेल्याला नाही," चंदा रडत म्हणाली.

इश्वर धापा टाकत उभा राहिला. मग त्याने हात पुढे केला. त्याच्या हाताला एक बोट आखूड, धरणाऱ्या हातालाही एक बोट आखूड.

"तुहा हात बाबासारखा भारी आहे रे," भुपेंद्र म्हणाला.

गळाभेट दोघांनाही जमली नाही. ते माझ्या एकेका अर्ध्यावर शेजारी बसले. मंदाबाईने शाळेच्या खिचडीचं एकच ताट दोघांमध्ये ठेवलं. इश्वरच्या नाकातून अजून थेंब पडत होते. खिचडीला वेगळं मीठ लागलं नाही. म्हातारी शेवटच्या घासापर्यंत पाहत राहिली, मग पदराने दोघांची तोंडं पुसली, जरा जोरातच.

नंतर लोहाराने बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव कापून माझ्या मापाचं कडं केलं आणि ते लालभडक तापवून माझ्याभोवती चढवलं. मी करपलो, धूर झाला, पण दोन्ही अर्धे घट्ट आवळले गेले. दुकानं दोनच आहेत. पंधरा दिवस इकडे आणि पंधरा तिकडे आता मी जातो. मंदाबाई नाही जात. ती म्हणते, "मी एका जागी बसीन. पोरं येतीन."

मित्रांनो, मला मारू नका असं मी म्हणणार नाही. मी मार खाण्यासाठीच आहे, आणि मार खाऊन मी कधी मोडलो नाही. मोडलो तो वाटणीने. म्हणून एवढंच मागतो: टोले घाला, सत्तूर घाला, नाताळात काठ्याही घाला. पाचर तेवढी लावू नका.