दोन सुतांनी खोटी

मी बोलतेय. आणि या वेळी खरं बोलतेय, हे आधीच सांगून ठेवते, कारण माझं मागचं बोलणं ऐकून एका घरातल्या बारा फरशा उकराव्या लागल्या आहेत.

मी एक पाणसळ. बाजारात मला लेव्हल म्हणतात. दोन फूट लांब पिवळी पट्टी, मधोमध काचेची नळी, नळीत हिरवं पाणी आणि त्या पाण्यात एक बुडबुडा. बुडबुडा दोन काळ्या रेघांच्या मध्ये थांबला की जागा सपाट आहे असं समजायचं. देवाने जन्मभरासाठी एकच काम दिलं होतं, आणि तेही मला धड जमलं नाही.

माझा जन्म कुठल्या गावात झाला ते नक्की माहीत नाही. खोक्यावर गावाचं नाव होतं, त्यावर किमतीचा कागद चिकटवला गेला. एवढं आठवतं, की माझ्यात नळी बसवणाऱ्या दोघीजणी कोणाच्या तरी लग्नाविषयी बोलत होत्या, गोंद अजून ओला होता, आणि त्यांचं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून मीच जरा वळले असणार. तेवढ्यात नळी तिरकी चिकटली. फार नाही, दोन सूत. सूत म्हणजे मिस्त्री लोकांच्या हिशेबात इंचाचा आठवा भाग. दोन सुतांचा खोटेपणा बघणाऱ्याला दिसत नाही. उलट मी दिसायला फार सरळ आहे. नाव पाणसळ आणि पाण्याशीच बेइमानी, म्हणजे नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

एका खोक्यात बसून मी जळगावला आले. सोबत रबरी हातोडी, थापी आणि फुकट मिळालेला पेचकस होता. मेहरूण तलावाच्या बाजूला सुपडूभाऊंचं घर आहे, तिथे त्यांचा मुलगा राजदीप याने आम्हाला मोबाइलवरून मागवलं होतं. स्वयंपाकघराची फरशी घरच्या घरी बसवायची, असं त्याने ठरवलं होतं.

आता त्या स्वयंपाकघराविषयी सांगते, कारण सगळा मामला त्याचाच आहे. तिथे जुनी शहाबादी फरशी होती आणि तिला तीन ठिकाणी खळगे पडले होते. भांडी घासली, फरशी धुतली, की पाणी त्या खळग्यांत साचायचं. राजदीपची आई लिलाबाई गुडघ्याला हात देत वाकायची आणि फडक्याने ते टिपायची. असं दिवसातून चार वेळा. नवी फरशी घ्यायची ठरलं तेव्हा तिने रंग विचारला नाही, डिझाइन विचारलं नाही. ती एवढंच म्हणाली, "ओतलेलं पाणी आपलं आपण मोरीत गेलं पाहिजे. मले दुसरं काही नको."

हे कोण म्हणत होतं बघा. लिलाबाईने बावीस वर्षं खाजा मिस्त्रींच्या हाताखाली काम केलं होतं. जळगावातल्या किती घरांत तिने कालवलेलं सिमेंट डोक्यावरून वाहून दिलं, त्याची मोजदाद नाही. त्या कालवलेल्या सिमेंटला मिस्त्री माल म्हणतात. खाजा मिस्त्री उकिडवे बसून फरशी लावायचे आणि मागे न बघता हाक मारायचे, "बाई, माल." ती घमेलं घेऊन हजर. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी नकार दिला तेव्हा तिने ते काम सोडलं. बावीस वर्षांत दुसऱ्याच्या घरचं पाणी मोरीत गेलं आणि हिच्या घरचं साचून राहिलं.

तिचं म्हणणं होतं की खाजाभाऊंना बोलवा. पण खाजा मिस्त्री जामनेरला एका बंगल्याच्या कामावर होते. शुक्रवारी माप घ्यायला येतो, काम पुढच्या महिन्यात करू, असा त्यांचा निरोप आला. राजदीपला चार दिवसांची रजा मिळाली होती, ती काही पुढच्या महिन्यापर्यंत टिकणार नव्हती. शिवाय त्याने मोबाइलवर फरशी बसवायचे अकरा व्हिडिओ पाहिले होते. बारावा पाहिला असता तर कदाचित माझी पोल उघडी पडली असती.

सुपडूभाऊ मुलाच्या बाजूने होते. त्यांचा जन्म कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर गेला होता, त्यामुळे आकडा दाखवणाऱ्या कुठल्याही वस्तूवर त्यांचा फार विश्वास. त्यांनी मला डोळ्यांसमोर धरलं, बुडबुडा इकडून तिकडे पळवला आणि सांगितलं की माणूस चुकतो, यंत्र चुकत नाही. मी फुगले. माझ्यात आधीच एक बुडबुडा होता, आता दोन झाले.

मे महिना होता. सकाळी नऊलाच भिंती तापल्या होत्या. राजदीपने व्हिडिओत बघितल्याप्रमाणे ढाळ काढायची युक्ती केली. ढाळ म्हणजे पाणी वाहून जाण्यापुरता उतार. दोन फुटांत मोरीकडे एक सूत उतार हवा होता, म्हणून त्याने माझ्या एका टोकाखाली कुल्फीच्या दोन काड्या चिकटपट्टीने बांधल्या. ते टोक कायम मोरीकडे ठेवायचं आणि बुडबुडा मधोमध आला की ढाळ बरोबर. युक्ती चांगलीच होती. फक्त ती माझ्या भरवशावर होती.

लिलाबाई दारात बसून बघत होती. तिने एकदाच विचारलं, "राजू, ती पट्टी फिरवून पाह्यली का?"

राजदीप म्हणाला की आई, नवीकोरी आहे ती. सुपडूभाऊ म्हणाले की तुला माल देणं माहीत, यातलं काय माहीत. तिने पुन्हा विचारलं नाही. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते काय असतं हे मी त्या दारात पाहिलं. आणि कबूल करते, मला तेव्हा हायसं वाटलं. कारण तो प्रश्न फक्त मला समजला होता. खरी पाणसळ कुठल्याही तोंडाने ठेवा, बुडबुडा तिथेच येतो. खोटीला उलट्या तोंडाने ठेवलं की तिचं बिंग फुटतं. हे मिस्त्री लोकांना पहिल्या दिवशी शिकवतात. लिलाबाईला कोणी शिकवलं नव्हतं, तिने बघितलं होतं.

काम सुरू झालं. राजदीप फरशी ठेवायचा, हातोडीने ठोकायचा, मला वर ठेवायचा. मी मोठ्या तोऱ्यात बुडबुडा मधोमध आणून दाखवायचे. सून शिल्पा चहा आणून फोटो काढत होती, आणि दोनतीन फोटोंत मी ठळक आले आहे. माल कमी पडला तेव्हा सुपडूभाऊंनी गमतीत हाक मारली, "बाई, माल!" सगळे हसले. लिलाबाई उठली आणि घमेलं भरून घेऊन आली. ती हसली नव्हती. हे त्या वेळी कोणाच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं, पण मी माझ्याच कौतुकात होते.

चार वाजेपर्यंत वीसपैकी बारा फरशा लागल्या. दिसायला देखण्या होत्या. सुपडूभाऊंनी जाहीर केलं की मिस्त्री काही आभाळातून पडत नसतो. त्या दिवशी नळाला पाणी आलं नव्हतं आणि पिंपात अर्धंच होतं. तरी लिलाबाई उठली, तांब्या भरला आणि नव्या फरशीच्या मधोमध रिकामा केला. पाण्याचा थेंब वाया न घालवणारी बाई ती, त्यामुळे सगळे हातातलं सोडून बघू लागले.

पाणी क्षणभर थांबलं. मग सावकाश निघालं आणि मोरीकडे पाठ करून थेट पिठाच्या कोठीखाली गेलं. मी दोन सुतांनी खोटी, काड्या एका सुताच्या. म्हणजे घराला एक सूत उलटा ढाळ मिळाला होता. पूर्वी पाणी निदान तीन खळग्यांत थांबत होतं. आता ते पिठाचा पत्ता शोधत जाणार होतं.

सुपडूभाऊ म्हणाले, राहू द्या, एक वायपर आणू, ओढून घेत जाऊ. राजदीपही थकला होता. त्यालाही ते पटलं.

लिलाबाईने मला उचललं, काड्या काढून टाकल्या आणि ओट्यावर ठेवलं. मग तिथेच उलट्या तोंडाने ठेवलं. माझा बुडबुडा एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला पळाला. लपायला नळीत जागा तरी किती असते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण माझ्या बाबतीत हातही दुसऱ्यानेच धरून दाखवला.

"बावीस वर्षं दुसऱ्याच्या घरचं पाणी सरळ काढलं मी," ती म्हणाली. "माझ्या घरी वायपर नको. माल ओला आहे तवर काढा बठ्ठ्या."

बठ्ठ्या म्हणजे सगळ्या. बाराच्या बारा फरशा निघाल्या. सकाळच्या दोन जड गेल्या आणि एकीचा कोपरा उडाला. माल पुन्हा कालवला. मग तिने राजदीपकडे हात पुढे केला आणि त्याने त्यात थापी दिली. तिला पाटावर बसवलं. डोक्यावर ओझं वाहणं गुडघ्यांना झेपत नव्हतं, बसून करणं झेपत होतं. तिने मला बाजूला ठेवलं आणि कूलरची पारदर्शक नळी सोडवून मागवली. त्या नळीत पाणी भरलं, एक टोक राजदीपच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि दोन्हीकडच्या पाण्याच्या रेघेवरून भिंतीवर पेन्सिलच्या खुणा केल्या. दोन टोकांचं पाणी खोटं बोलत नाही. पाणसळ नाव माझं होतं, काम कूलरच्या नळीने केलं, आणि जळगावच्या मे महिन्यात दोन दिवस ते घर कूलरशिवाय राहिलं. सुपडूभाऊ ओला टॉवेल डोक्यावर घेऊन घमेली भरत होते. त्यांनी एकदाही कुरकूर केली नाही, एवढं त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

शुक्रवारी खाजा मिस्त्री माप घ्यायला आले. घाईत त्यांना नको म्हणून कळवायचं सगळेच विसरले होते. त्यांनी नवी फरशी पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. कोणता मिस्त्री लावला, त्यांनी विचारलं. मग ते खाली बसले आणि थापीच्या मुठीने एकेक फरशी वाजवून कान देऊन ऐकू लागले. वीसच्या वीस भरीव वाजल्या. त्यांनी पाणी मागितलं आणि ओतलं. पाणी कुठेही न रेंगाळता मोरीत गेलं.

"आईने लावली," राजदीप म्हणाला.

खाजा मिस्त्रींनी थापी लिलाबाईच्या हातात दिली. मग म्हणाले, "लिलाबाई, मी दुपारच्या नमाजला जायचो ना, तेव्हा आल्यावर एखादी फरशी जास्त बसलेली दिसायची. मला माहीत होतं. काम चोख असायचं, म्हणून मी ती कधी काढली नाही. आणि बोललो पण नाही कधी. ती माझी चूक झाली."

लिलाबाई पदराने थापी पुसत होती. ती म्हणाली, "मले वाटे, तुम्हाले कळतच नाही."

"जामनेरच्या बंगल्यात तीन मोऱ्या आणि स्वयंपाकघर बाकी आहे," खाजा म्हणाले. "माझ्या माणसांच्या हाताला ढाळ बसत नाही. येता का, मिस्त्री?"

लिलाबाईने मागे वळून दाराकडे पाहिलं, कोणी मिस्त्री आला की काय म्हणून. दारात कोणीच नव्हतं.

माझं पुढे काय झालं तेही सांगते. राजदीप मला कचऱ्यात टाकायला निघाला होता. लिलाबाईने थांबवलं. तिने शिल्पाची लाल नेलपॉलिश घेतली आणि माझ्या नळीवर नवी खूण केली. बुडबुडा काळ्या रेघांत नाही, लाल टिकलीखाली आला की सपाट. जामनेरला मला पाहून खाजा मिस्त्री हसले, खोटी पट्टी कशाला बाळगता म्हणाले. ती म्हणाली, ही किती खोटी आहे ते मले माहीत आहे, नव्या पट्टीचं माहीत नाही. जन्मात माझी एवढीच स्तुती झाली आहे आणि ती मी जपून ठेवली आहे.

तेव्हा तुम्हाला एकच विनंती. घरची फरशी मिस्त्रीकडून बसवा किंवा स्वतः बसवा, ते तुमचं तुम्ही बघा. पण माझ्यासारखी कोणी मोठ्या ऐटीत बुडबुडा मधोमध दाखवू लागली, तर तिला एकदा फिरवून पाहा. आणि दारात बसलेलं कोणी फिरवून पाहा म्हणत असेल, तर आधी त्यांचं ऐका.

मी आता जामनेरच्या बंगल्यात, तिसऱ्या मोरीत, लिलाबाईच्या पाटाजवळ पडले आहे. दुपार झाली आहे. तिने फरशी हातात घेतली, खालचा माल थापीने सारखा केला, तो थोडा कमी पडला. ती हाक मारायला गेली आणि थांबली. बावीस वर्षं ऐकलेली हाक स्वतःच्या तोंडातून काढायची तिला सवय नव्हती. मग ती मागे वळली, नीट बघितलं आणि म्हणाली, "राजूचे बाबा, जरा माल देता का?"

सुपडूभाऊ घमेलं घेऊन हजर झाले. "घ्या, मिस्त्री," ते म्हणाले.