सोबत कोण

माझा धंदा खोट्या माणसांचा. ऐकायला भारी वाटतं, पण काम म्हणजे डोक्याला ताप. हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना ते तपासायला पेशंट लागतात, आणि खऱ्या पेशंटची माहिती वापरायची नसते. मग मी कॉम्प्युटरला सांगून सहा लाख माणसं पाडून देते. नाव, जन्मतारीख, आजार आणि शेवटचा रकाना, 'सोबत कोण'. मुलगा, सून, भाऊ, शेजारी, यांतलं काहीतरी उचललं जातंच. रकाना रिकामा राहायची सोयच नाही. काम झालं की सगळी यादी पुसायची. आणि खरं माणूस आत घालायचं नाही, हा पहिला नियम.

मंगळवारी तपासणीत चूक आली. एका ओळीत 'सोबत कोण' रिकामं. म्हटलं, झालं, गेला आजचा दिवस. वैतागून ओळ उघडली. वय एकाहत्तर, आजार रक्तदाब. नाव माझ्या बाबांचं. आजोबांचं नाव, आडनाव, जन्मतारीख, सगळं त्यांचंच.

योगायोग असेल, मी स्वतःला दटावलं. सहा लाखांत एखादा जुळायचाच. आमच्या कामात सुरुवातीला एक आकडा द्यावा लागतो. तोच आकडा पुन्हा दिला की तीच माणसं येतात, दुसरा दिला की सगळी नवी. मी आकडा बदलला. बाकी सगळी माणसं बदलली, बाबा होते तिथेच होते. रकाना रिकामा. सात वेळा बदलून पाहिलं, सातही वेळा तेच.

बाबांना जाऊन चौदा महिने झाले. त्या दिवशी त्यांची नेहमीची तपासणी होती. निघताना त्यांनी विचारलं, "येतेस का गं?" मी स्क्रीनवरून मानही वर केली नाही. म्हटलं, लहान आहात का आता, या की जाऊन. ते गेले आणि तिथल्या बाकावर बसून राहिले. नंबर पुकारला तेव्हा उठले नाहीत. बाकावर शेजारी बसलेल्या बाईंना वाटलं, डुलकी लागली असेल. नंतर हॉस्पिटलवाल्यांनी त्यांचा फॉर्म माझ्या हातात दिला, त्यावर 'सोबत कोण'पुढे त्यांनी रेघ मारली होती. त्या रेघेचं मी काय करू, सांगा.

आमचा टीम लीड, ज्याला आम्ही पाठीमागे घाईमास्तर म्हणतो, टेबलाशी डोकावून गेला. एका ओळीसाठी काय अडून बसलीस, उडव ती, पाचला मी सगळी यादी पुसणार आहे, म्हणाला. त्याचं काही चुकत नव्हतं. पण पाच वाजेपर्यंत बाबा पुन्हा एकटे बसणार आणि तसेच पुसले जाणार, हे मला सहन होईना. एकदा झालं तेवढं पुरे होतं.

साडेचारला मी नियम मोडला. रकान्यात माझं नाव लिहिलं, पुढे 'मुलगी'. फोन नंबर मुद्दाम दिला नाही. चूक लगेच नाहीशी झाली. केलास ना शहाणपणा, मी स्वतःलाच म्हटलं, आणि चहा आणायला उठले.

तेवढ्यात फोनवर मेसेज आला. आमची यादी बाहेरच्या कुठल्याही फोनला जोडलेली नव्हती, आईशप्पथ सांगते. मेसेजमध्ये दोनच वाक्यं होती. पेशंट आत गेले आहेत. सोबतच्या व्यक्तीने बाहेर थांबावे.

मी परत खुर्चीत बसले. पाचला यादी पुसली गेली. एकेक जण डबा आवरून निघाला. सहा वाजले, सात वाजले. शेवटी घाईमास्तर दिवे मालवायला आला आणि मला बघून थबकला. बाबांना स्मशानात पोचवायला तो आला होता, त्याला सगळं ठाऊक. घरी नाही का जायचं, त्याने हळूच विचारलं.

"बाबा आत आहेत," मी म्हटलं. "मी थांबलेय."