देवीला लॅटिन येतं का?

आलाउनाने शिशाचा पत्रा मांडीवर घेतला आणि पहिलंच अक्षर इतक्या जोरात कोरलं, की समोर बसलेल्या सेनोवाराने खांदे आक्रसले.

"अगं हळू. दुखेल त्याला."

"शिशाला कुठलं दुखतंय, आज्जी?"

"शिशाला नाही गं. ज्याने माझी घोंगडी नेली त्याला."

"मग दुखायलाच पाहिजे की!"

देवळाच्या मागच्या भिंतीला टेकवलेलं एक छप्पर, एवढंच त्यांचं दुकान. आत आलाउनाचा बाप कातुस शिसं ओतायचा आणि ठोकून ठोकून त्याचे पातळ पत्रे करायचा. बाहेर बाकावर बसून त्यांवर लिहायचं काम मुलीचं. कुणाची वाटी गेली, कुणाची अंगठी गेली, की लोक इथे येत. देवीच्या नावाने अर्ज लिहायचा, पत्र्याची गुंडाळी करायची, मधोमध खिळा ठोकायचा आणि ती गरम झऱ्यात सोडायची. पुढचं देवी बघून घेई. आलाउना चौदा वर्षांची होती. तीन वर्षं मास्तरांच्या शाळेत जात होती. या उन्हाळ्यात बापाने लेखणी तिच्या हातात दिली, कारण तिच्या ओळी त्याच्यापेक्षा सरळ येत. तेव्हापासून ती रस्त्याने चालायची तीसुद्धा ओळीत लिहिल्यासारखी.

सेनोवाराची घोंगडी स्नानगृहातून गेली होती. गुडघे धरले म्हणून बाई आयुष्यात पहिल्यांदा तिथे शिरली, कपडे कोनाड्यात ठेवले, गरम पाण्यात तासभर बसली. बाहेर येऊन पाहते, तर कोनाड्यात सगळं जागच्या जागी, फक्त घोंगडी नाही. तांबड्या-हिरव्या चौकड्यांची, स्वतः विणलेली.

"माझ्या आईच्या वेळी इथे ना भिंत ना छप्पर," ती म्हणाली. "चिखल तुडवत यायचं, पाण्यात हात बुडवायचा, देवीला काय ते सांगायचं, घरी जायचं. कपडे काढतंय कोण? आणि काढलेच नाहीत तर चोरणार कोण? या रोमी लोकांनी आधी अंघोळ आणली, मग चोर आणले, आणि आता चोर धरायचा अर्जसुद्धा त्यांचाच!"

आतून कातुसचं हसू ऐकू आलं. "त्यांनी आलुबुखारही आणले, सेनोवारा. ते तू ओटीभर नेतेस."

"आलुबुखार गोड आहेत. ते माशांचं सडकं पाणी मात्र तुझं तूच पी."

आलाउनाने दुसरी ओळ सुरू केली. सेनोवारा पुढे वाकून त्या रेघांकडे बघत राहिली. मुंग्यांची रांग कुठे निघालीय ते बघावं, तशी.

"तिला कळेल का पण हे?"

"कुणाला?"

"सुलिसला. आपली देवी आहे ती. माझ्या आजीच्या आजीशी आपल्या बोलीत बोलायची."

"आता रोमी नाव जोडून ती सुलिस मिनर्वा आहे, आज्जी. पुजारी रोज सकाळी लॅटिनमधूनच बोलतात तिच्याशी. तिला उत्तम लॅटिन येतं."

"सासरचं नाव लावलं म्हणून पोरगी माहेरची बोली विसरते होय?"

"विसरत नाही. पण सासरची शिकते."

हे उत्तर आलाउनाला स्वतःलाच इतकं आवडलं, की तिने वळून बापाने ऐकलं का ते पाहिलं. त्याने ऐकलं होतं. हातोडी एक ठोका चुकली होती.

"आणि आपल्याच बोलीत लिहिलं तर?" सेनोवाराने विचारलं.

आता मात्र आलाउना खरंच हसली. मास्तर गॉलचे होते, समुद्रापलीकडचे. इथल्या लोकांचं बोलणं म्हणजे तोंडात गरम लापशी धरून बोलणं, असं ते म्हणत. शाळेत चुकून घरचा शब्द तोंडातून निघाला की बोटांवर छडी. आलाउनाला आता छडी बसत नसे. ती शाळेच्या पायरीवर पाऊल ठेवायची तेच लॅटिनमधून.

"आपल्या बोलीला अक्षरंच नाहीत, आज्जी."

"तोंड आहे ना?"

"तोंड पत्र्यावर कसं उमटवणार? सांग बरं, काय लिहू?"

"लिही, घोंगडी परत दे. एवढंच. फार तर त्याची पाठ जरा दुखव. जराच."

आलाउनाने मान हलवली आणि लिहायला घेतलं. पण पत्रा मोठा होता आणि तेवढ्याने तो अर्धासुद्धा भरेना. शिवाय बापाच्या जुन्या नमुन्यांत कालच तिला एक वाक्य सापडलं होतं. असं लयीत, असं ठसक्यात, की काल झोपेपर्यंत ती ते पुटपुटत होती. ते बरोब्बर उरलेल्या जागेत बसलं. लिहून झाल्यावर तिने उभं राहून मोठ्याने वाचलं. पुरुष असो की बाई, दास असो की मोकळा, ज्याने ही घोंगडी नेली त्याला झोप मिळू नये, आरोग्य मिळू नये, त्याचं जन्मलेलं मूल जगू नये आणि होणारं मूल होऊ नये, घोंगडी देवीच्या दारी येईपर्यंत.

सेनोवाराला त्यातला 'सुलिस' हा एकच शब्द कळला. तेवढ्यावर तिने हात जोडले.

"छान वाजतं गं," ती म्हणाली. "घोड्याच्या टापांसारखं."

तिने गवतात गुंडाळून आणलेली सहा अंडी बाकावर ठेवली, गुंडाळी मुठीत धरली आणि ती स्वतःच झऱ्यात सोडायला गेली.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी ती पुन्हा आली. धुकं अजून उतरलं नव्हतं, झऱ्याची वाफ त्यात मिसळून समोरचा खांबही दिसत नव्हता. पण तिची पावलं आलाउनाने ओळखली, आणि ती चुकीची वाटली. सेनोवारा नेहमी काठी टेकत यायची. आज काठीचा आवाज नव्हता.

"मिळाली का घोंगडी?" आलाउनाने हसत विचारलं.

"कुठंय ते कळलं." सेनोवारा बाकावर बसली नाही. "ब्रिकाकडे आहे."

ब्रिका तिची मुलगी. दोन वर्षांपूर्वी कौलांच्या भट्टीवरच्या एका माणसाबरोबर टेकडीपलीकडे निघून गेली होती. पुन्हा या उंबऱ्यात पाऊल टाकू नकोस, असं आईने अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं होतं. त्यानंतर सेनोवारासमोर तिचं नाव कुणी काढत नसे.

"तेलवाला सांगत होता. लेकरू झालंय तिला. मुलगी. माझ्या घोंगडीत गुंडाळलंय म्हणे. चोरी नाही गं ती. बाळाच्या अंगावर पहिली ऊब आजीच्या घोंगडीची, हे काय मी तुला सांगायचं? मागायची नसते ती. आजीने घेऊन जायची असते, बाळ यायच्या आधी. मी गेले नाही. म्हणून तीच आली."

आलाउनाने लेखणी खाली ठेवली.

"अवघडल्या पोटाने आली असेल टेकडी उतरून," सेनोवारा म्हणाली. "मी आत पाण्यात बसलेली. दारातून बघितलंही असेल मला."

"मग चांगलंच झालं की, आज्जी. मिळाली ना जागच्या जागी?"

"लेकरू झोपत नाहीये."

आतली हातोडी चालू होती. एकसारखी.

"जन्मल्यापासून झोपत नाही. रडतं, दूध टाकतं, पुन्हा रडतं. तेलवाला म्हणाला, आईचे डोळे खड्ड्यात गेलेत." सेनोवाराने तिच्याकडे पाहिलं. "त्या पत्र्यावर तू झोपेचं काही लिहिलं होतंस का गं?"

आलाउनाच्या तोंडात ते वाक्य पुरतं तयार होतं, शेवटच्या अक्षरापर्यंत. ती पाठ केलेलं काहीच विसरत नसे. मास्तर त्यासाठी तिला सगळ्यांपुढे उभं करत.

"लिहिलं होतं," ती म्हणाली.

"मी सांगितलं होतं?"

"नाही."

"आणि मुलाचं? मुलाबाळांचं काही?"

आलाउनाने पत्र्यांच्या चळतीवरची धूळ बोटाने पुसली. धूळ नव्हतीच. सेनोवारा हळूच बाकावर बसली, दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून.

"मी तर आपली पाठ म्हटलं होतं," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "जराशी पाठ." मग ती म्हणाली, "आणि तूच सांगितलंस, तिला उत्तम लॅटिन येतं."

धुक्यातून पुजाऱ्यांचा सकाळचा पाठ ऐकू येऊ लागला. लांब, घुमणारी वाक्यं. आलाउनाला प्रत्येक शब्द कळत होता, आणि बाकावरच्या दोघींत तो फक्त तिलाच कळत होता.

"नाही येत, आज्जी," ती म्हणाली.

"काय?"

"लॅटिन. देवीला. नाही येत."

हातोडी थांबली.

"त्या दिवशी तर म्हणालीस, पुजारी रोज..."

"पुजारी बोलतात. ती कुठे उत्तर देते? तूच म्हणालीस ना, तिच्या माहेरची बोली आपली. हे दगडाचं घर तिच्यावर बांधून किती वर्षं झाली? तुझं वय असेल तेवढीच. देवीच्या वयात ती म्हणजे कालची. एवढ्यात कुणाला परकी भाषा येते का? मला तीन वर्षं लागली, आणि मला छडी होती."

सेनोवाराने तिच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. बाजारात मासा ताजा आहे का पाहतात, तसं.

"म्हणजे तिला त्यातलं अक्षर कळलं नाही."

"एक 'सुलिस' सोडून नाही. कुणीतरी हाक मारली, एवढंच कळलं असेल."

"मग लेकरू रडतं ते?"

"लेकरं रडतात. माझा भाऊ चार महिने रडत होता. बाबांना विचार."

"पाच," आतून कातुस म्हणाला. त्याचा आवाज सपाट होता.

सेनोवाराच्या गळ्यातून एक आवाज निघाला. तो हुंदका असावा असं आलाउनाला वाटलं, पण म्हातारी हसत होती. तिने पदर तोंडाला लावला, डोळे पुसले आणि एकदम ताठ बसली.

"आणि माझी सहा अंडी घेतलीस गं, चोरटे!"

"घेतली."

"तिला कळत नाही ते लिहायचे?"

"हो."

"मग आण परत."

आलाउना आत गेली. बापाकडे न बघता तिने टोपलीतली सहा अंडी मोजून गवतात बांधली आणि बाहेर आणली. सेनोवाराने एकेक कानाशी धरून हलवून पाहिलं.

"ही माझ्या कोंबडीची नव्हेत."

"तुझी आम्ही खाल्ली."

"बरं. बाळंतिणीला काय, चालतील." ती उठली. चार पावलं गेली आणि वळली. "टेकडीवर वारा असतो का गं या दिवसांत?"

"असतो. काही पांघरून जा."

"घोंगडी कुठाय माझ्याकडे?" सेनोवारा म्हणाली, आणि धुक्यात दिसेनाशी झाली. नदीच्या बाजूला, टेकडीकडे.

कातुस दारात येऊन उभा राहिला. त्याने हातोडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"संध्याकाळपर्यंत अख्खं गाव अंडी मागायला येईल," तो म्हणाला.

"बाबा, लिहिलेलं मागे घ्यायचं असेल तर कसं लिहितात?"

"मागे कोण घेतं? मागे घ्यायला आजवर कुणी आलेलं नाही. नमुन्यात नाही ते."

 मग तो आत गेला, आणि बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात एक नवा पत्रा होता, अजून कोमट असलेला. तो त्याने बाकावर ठेवला आणि परत हातोडीकडे गेला.

आलाउनाने लेखणी उचलली. तिला काय म्हणायचं होतं ते अगदी थोडं होतं. तिची आई धाकट्याला थोपटून झोपवताना घरच्या बोलीत म्हणायची, ते. त्यातला पहिलाच आवाज घशातून यायचा आणि त्याला अक्षर नव्हतं. तिने दोन अक्षरं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. खोडली. पुन्हा ठेवली. मग कितीतरी वेळ ती ओठ हलवत, एकेक आवाज चाचपत बसून राहिली. देवळाच्या अंगणातून जाणाऱ्या मास्तरांनी तिला हाक मारली, तीही तिने ऐकली नाही.

ओळ वाकडी आली. इतकी वाकडी ओळ तिने पहिल्या वर्षीही काढली नव्हती.

झऱ्याच्या कठड्याशी जाऊन तिने ती हळू आवाजात वाचली. पत्रा तिच्या आईच्या आवाजात बोलला, आणि ती दचकली. मग तिने तो गुंडाळला नाही की खिळाही ठोकला नाही. तसाच उघडा, अक्षरं वर ठेवून, पाण्यावर सोडला.

तो डुलत डुलत खाली गेला. थोड्या वेळाने बुडबुडे वर आले. ते तर नेहमीच येत.