ओली पिपेट

निरीक्षण

प्रयोगाच्या वहीत उद्देश आधी लिहितात आणि निरीक्षण नंतर. निताच्या बाबतीत उलटं झालं. आधी दिसलं आणि उद्देश मागून कळला. तेव्हा मंडळी, गोष्टही त्याच क्रमानं ऐका.

हिंगोलीच्या एका कॉलेजात निता आणि ज्योती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. विषय जीवरसायन. दोघी गोरेगावच्या, एकाच जीपनं येणाऱ्या, प्रयोगशाळेत एकाच टेबलावर काम करणाऱ्या. त्या दिवशी लिंबाच्या रसात 'क' जीवनसत्त्व किती आहे ते काढायचं होतं. पिपेट म्हणजे काचेची बारीक नळी. तिचं खालचं टोक रसात बुडवायचं, वरच्या टोकाला तोंड लावून रस खुणेपर्यंत ओढायचा, बोटानं दाबून धरायचा आणि चंबूत सोडायचा. मग त्यात थोडं स्टार्च घालून वरून आयोडीन थेंब थेंब टाकायचं. चंबू निळा झाला की थांबायचं आणि आयोडीनच्या नळीवरची रेघ वाचायची. दोघींची रेघ सारखी आली की झालं!

पण ते होईना. ज्योतीनं रस ओढला की आयोडीन बरोबर तेराला थांबायचं. नितानं ओढला की दोन-तीन रेघा अलीकडेच. पुन्हा ज्योती, पुन्हा तेरा. पुन्हा निता, पुन्हा कमी.

"तुझ्या हाताला कमीच येऊन राहिलं," ज्योती म्हणाली. "लिंबू बी माणूस बघून आंबट होतं का काय!"

शेजारच्या टेबलावरून मुंजाजीनं मान वर केली. "काहून तकलीफ करून घ्यायलात? दोन्हीकडं तेराच लिहा की. मॅडम काय लिंबू पिळून बघणार हायेत?"

"लिंबू नाही मुंजाजी, मी पिपेट बघणार आहे." शाहिस्ता मॅडम त्याच्या मागेच उभ्या होत्या. मुंजाजीची मान जशी वर आली होती तशीच खाली गेली.

मॅडमनी निताच्या हातातली पिपेट उजेडात धरली. "ही आतून ओली आहे. पाण्यानं रस पातळ झाला, म्हणून आयोडीन कमी लागतंय. दर वेळी नळाखाली कोण धरतं हिला?"

ज्योतीनं पिपेट खाली ठेवली की निता ती उचलायची, नळाखाली तिचं तोंड धुवायची, ओढणीच्या टोकानं पुसायची आणि मगच आपल्या ओठांना लावायची. आपण हे करतो याची तिला आजवर जाणीवही नव्हती. डोळ्यासमोर माशी आली की हात जसा आपोआप उठतो, तसा तो हात नळाकडं जायचा.

"मी, मॅडम," ज्योती म्हणाली. "मीच धुते. सवय हाय."

मॅडमनी ज्योतीकडं पाहिलं. मग निताच्या ओढणीच्या ओल्या टोकाकडं पाहिलं. आणि त्या पुढच्या टेबलाकडं वळल्या.

आकृती

जीपमध्ये मागच्या बाकावर दोघी. मध्ये दप्तर. रोज ते दप्तर पायाशी असायचं.

"काय वं पोरीहो, आज रेडू बंद पडला का?" पुढून तातेरावनं विचारलं. दोघींच्या बडबडीनं त्याची जीप गोरेगावपर्यंत डिझेलशिवाय जाते, असं तो सगळ्या सवाऱ्यांना सांगायचा. आज कुणी हसलं नाही.

"तू खोटं काहून बोललीस?" निता हळूच म्हणाली.

"मग काय सांगू? सगळ्यांदेखत सांगू, की माझी मैतरीण माझ्या तोंडची पिपेट धुऊन घेती?"

"अगं, स्वच्छता म्हणून..."

"मग तुझ्यामागं मी काहून न्हाई धुतली?"

नितानं खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर हळदीची शेतं मागं पडत होती.

ज्योती बौद्ध घरातली. हे निताला माहीत होतं आणि त्यानं आपल्याला काही फरक पडत नाही, असं ती मनापासून मानत होती. तिच्या वर्गात कुणी जातीवरून बोललं तर ती भांडायची. कॉलेजात जातिअंतावर तिनं भाषणही ठोकलं होतं, टाळ्याही घेतल्या होत्या!

"आमच्या घरी आलीस की तुला उपास असतो," ज्योती म्हणत होती. आवाज चढलेला नव्हता, हेच वाईट होतं. "सोमवारी बी उपास, बुधवारी बी उपास. किती देव पोसून राहिलीस गं? मी कधी बोलले का? म्हणलं, असंल. घरचं असंल. पण पिपेट कोणत्या देवाची हाय?"

ज्योतीनं मधलं दप्तर घट्ट धरलं.

"पुढच्या प्रॅक्टिकलपासून मी मुंजाजीच्या टेबलावर. मॅडमला सांगून आले."

निताच्या वडिलांनी हिंगोलीचं कॉलेज नको म्हणून पाय रोवले होते. एकटी पोरगी, रोजची जीप, नकोच ते! तेव्हा बारावीतली ज्योती ओसरीवर येऊन म्हणाली होती, "काका, मी हाय ना संगं." त्या एका वाक्यावर निताचं शिक्षण चाललं होतं. आता ती संगत जाणार होती, आणि नुसती टेबलापुरती जाणार नव्हती, हे निताला पक्कं कळलं.

खबरदारी

पुढच्या आठवड्यात प्रयोगशाळेत रबरी फुगे आले. पिपेटच्या डोक्याला बसवायचे, दाबून सोडायचे, द्रव आपोआप वर चढतो. तोंड लावायची गरजच नाही. मॅडम कितीतरी दिवसांपासून मागत होत्या. तोंडानं ओढणं धोक्याचंच, कधी पोटात काय जाईल नेम नाही.

निताला वाटलं, सुटले! ती धावत जिन्यात ज्योतीला गाठायला गेली.

"ज्योते, फुगे आले! आता कुणी तोंड लावायचं न्हाई, कुणी धुवायचं न्हाई. मिटलं की!"

ज्योती दोन पायऱ्या वर थांबली. "फुगा पिपेटला लागतो गं. आमच्या घरच्या तांब्याला कुठून आणायचा?"

आणि ती वर निघून गेली.

निता तशीच मॅडमच्या खोलीत शिरली. मॅडम डबा उघडून बसल्या होत्या. त्यांनी खुर्ची दाखवली, पण निता उभीच राहिली.

"मॅडम, ज्योतीला टेबल बदलू देऊ नका."

"टेबल मी बदलू शकते निता. तिचं मन माझ्या ताब्यात नाही. आधी सांग, पिपेट कोण धुत होतं?"

"...मी. पण मॅडम, मी जात मानत न्हाई. खरंच! ती नुसती सवय."

"बरं. मागच्या महिन्यात तुमची पिपेट फुटली, तेव्हा तू मागच्या टेबलावरच्या संगिताची आणलीस. तिनं नुकतीच तोंडाला लावलेली होती. ती धुतलीस?"

निता आठवू लागली, आणि आठवल्यावर तिचा चेहरा उतरला. "न्हाई."

"नळ तोच होता, हात तोच होता, पिपेटही तसलीच. बाकी सगळं सारखं ठेवून एकच गोष्ट बदलली, की जो फरक पडतो तो त्या गोष्टीचा. हे मी तुम्हाला पहिल्या तासाला शिकवलं. आता तूच सांग, काय बदललं?"

निताच्या डोळ्यांतून घळकन पाणी आलं. "मी वाईट हाय का, मॅडम?"

"बस इकडे," मॅडम म्हणाल्या, आणि पोळीचा तुकडा तिच्या हातावर ठेवला. "लेकरू बोलायला शिकतं ते घरातलं ऐकूनच ना? तसंच हेही. तुला कुणी शिकवलं नसेल, तू पाहिलं असशील."

आणि निताला दिसलं. आईचा तो कप. गोठ्याच्या वळचणीला पालथा घातलेला, दांडी तुटलेला. ज्योतीची आई, चांगुणाबाई, हळद काढायला यायची तेव्हा आई त्यात चहा द्यायची. काठोकाठ, घरच्यांपेक्षा जास्त साखरेचा. पण वरून ओतायची, कपाला किटली लागू न देता. आई मायाळू होती. चांगुणाबाई आजारी पडली तेव्हा आईनं तिला दोनदा दवाखान्यात नेलं होतं. आणि तरी कप वळचणीलाच होता!

"पाहिलं ते तुझा दोष नाही," मॅडम म्हणाल्या. "पण आता तुला दिसलंय. यापुढचं मात्र सगळं तुझं. आणि हो, आता फुगे आलेत. तू काहीच बोलली नाहीस तर कुणाला कधी कळणार नाही. विचार कर."

कृती

त्या दिवशीच्या प्रॅक्टिकलला ज्योती मुंजाजीच्या टेबलावर उभी होती. मॅडम फुगा कसा बसवायचा ते दाखवत होत्या. तेवढ्यात निता बोलली.

"मॅडम, मागच्या वेळी पिपेट मी धुतली. ज्योतीनं न्हाई."

"बरं," मॅडम म्हणाल्या आणि थांबल्या.

"ज्योतीनं तोंड लावलं म्हणून धुतली. दर वेळी धुतली. संगिताची असती तर धुतली नसती."

सगळ्या माना ज्योतीकडं वळल्या. मुंजाजी हातातला फुगा उगाच दाबत राहिला.

ज्योतीनं वर पाहिलं नाही. तिनं आपलं काम पुरं केलं, भांडी विसळली, दप्तर उचललं. निता तिच्यामागं जीपच्या थांब्यापर्यंत गेली.

"एवढं मोठ्यानं बोलायची काय गरज होती?" ज्योती फाडकन म्हणाली. "आता सगळे मलाच बघून राहिले! तुझं मन हलकं झालं, माझं काय?"

हे निताच्या डोक्यातच आलं नव्हतं. आपण खरं बोललो की सगळं नीट होतं, असं तिला वाटलं होतं.

"चुकलं," ती म्हणाली. "तुला आधी विचारायला पायजे होतं."

मग तिनं विचारलं, "आज तुझ्या घरी येऊ?"

"मी बोलावून न्हाई राहिले," ज्योती म्हणाली. जीप आली. ती चढली, आणि सरकून जागा केली. "यायचं तर ये."

साहित्य

चांगुणाबाई चुलीपाशी होती. निताला पाहून ती पदराला हात पुसत उठली. "ये गं बाय. बस." नेहमीप्रमाणं तिनं चटई झटकून टाकली, आणि नेहमीप्रमाणं खायचं विचारलं नाही.

"मावशी, भूक लागली," निता म्हणाली.

चांगुणाबाई थबकली. तिनं ज्योतीकडं पाहिलं, ज्योतीनं दाराकडं. मग चांगुणाबाई घाईघाईनं फळीपाशी गेली, हळदीच्या डब्यामागून एक बरणी काढली. बरणीत साबुदाणा होता.

"भिजवलेला न्हाई गं. थोडी कळ काढ. शेंगदाणे हायेत, भाजून कूट करते."

"आई, आपल्या घरात साबुदाणा?" ज्योतीनं विचारलं. "कोण उपास धरतं?"

"ही धरती ना."

निता उठून फळीपाशी गेली. "मावशी, मला उपास न्हाई." पुढचं बोलायला तिला दम घ्यावा लागला. "कधीच नव्हता."

चांगुणाबाईनं बरणीचं झाकण हळूच लावलं.

"म्हायती हाय मला," ती म्हणाली. "एवढे उपास कोणी धरतं का, बाळा? पण म्हणलं, ही उपास म्हणती, तर आपुन उपासाचंच करून घालावं. म्हणून आणून ठेवला. पर कधी पुढं करायची हिंमतच झाली न्हाई."

"काहून, मावशी?"

"त्यालाबी न्हाई म्हणली असतीस, तर? मग म्या मनाला काय सांगितलं असतं?"

निता तिथंच, चुलीपाशी, चांगुणाबाईच्या कुशीत शिरून हमसून हमसून रडली. चांगुणाबाई तिच्या पाठीवरून पिठाचा हात फिरवत राहिली. "आगं, कुडता खराब व्हईल तुझा," एवढंच म्हणत राहिली.

मग तिघी एकाच परातीभोवती बसल्या. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. ठेच्यानं निताच्या नाकातून पाणी यायला लागलं. समोर एकच तांब्या होता. ज्योती त्याला तोंड लावून पाणी प्यायली, आणि मुद्दामच, डोळे रोखून, तिनं तो निताच्या पुढं धरला. नितानं तो तसाच तोंडाला लावला.

"हावरी कुठली!" ज्योती म्हणाली. "आमाला ठेव की!"

निष्कर्ष

दुसऱ्या दिवशी नितानं घरी वळचणीचा कप उकिरड्यावर टाकला. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चांगुणाबाई आली, तेव्हा आईनं चहा घरातल्या कपात दिला. ओतताना किटली अजून जरा वरच होती, पण दिला. ज्योती अजून मुंजाजीच्याच टेबलावर आहे. या सत्रापुरती तिथंच राहीन म्हणते, आणि नितानं तिला एकदाही आग्रह केलेला नाही. जीपमध्ये मात्र तातेरावचा रेडू पुन्हा सुरू झाला आहे.

मंडळी, आपण भाषणं करतो, टाळ्या घेतो, जात गेली म्हणतो. पण ती जिभेवरून जाते आणि हातात राहते. धुण्यात, वरून ओतण्यात, उपास सांगण्यात राहते. आपण तिला स्वच्छता म्हणतो, सवय म्हणतो, घरची रीत म्हणतो. ज्याच्यावर ती चालते, त्याला मात्र तिचं खरं नाव पहिल्या दिवसापासून माहीत असतं. तो बोलत नाही, कारण आपल्याशी नातं तोडायचं नसतं त्याला!

म्हणून आज घरी गेल्यावर आपल्या हाताकडं एकदा बघा. तो कुणाच्या मागं नळाकडं जातो, आणि कुणाच्या मागं जात नाही? उत्तर लाजवणारं आलं, तर लाजा. आणि मग त्या माणसाच्या घरी जा, पोटात भूक घेऊन जा.