जवळचे नातेवाईक

परदेशी नागरिकांच्या नोंदणीचं टेबल माझ्याकडे होतं. चूक दिसली की लाल शाईने गोल करायचा, ही माझी वीस वर्षांची खोड. १९७८ साली मिस ग्रेटांच्या अर्जावरही मी असाच ठसठशीत गोल केला.

ग्रेटा जर्मनीतल्या निवृत्त नर्स, वय सदुसष्ट. तीन महिन्यांसाठी आल्या आणि चार वर्षं नाशकातच राहिल्या. पेन्शन तिकडून दरमहा इथल्या बँकेत यायची, त्या जोरावर दरवर्षी मुदत वाढून मिळायची. यंदाही बँकेचा दाखला चोख होता. पण ‘मायदेशातील जवळचे नातेवाईक’ या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: मालनबाई गेणू शिरसाठ, नाशिक. ही तर त्यांची घरमालकीण! मी कपाळाला हात लावला.

त्यात चौकशीला गेलेल्या शिपायाचा अहवाल आला: ‘सदर घरी कोणीही परदेशी राहत नाही.’ झालं! मुदत चार दिवसांत संपत होती. असाच कागद वर गेला असता तर बाईंना देश सोडावा लागला असता.

खोटं बोलणाऱ्यांची मला भारी चीड. सायकल काढली आणि तडक घर गाठलं. ओट्यावर मालनबाई लसूण सोलत होत्या. शेजारी ग्रेटाबाई एका लहान मुलीची वेणी घालत बसल्या होत्या.

“शिपायाला खोटं का सांगितलंत?” मी आवाज चढवला.

मालनबाई उठून ग्रेटाबाईंच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. “तो म्हणला, परदेशी बाई कुठंय? मला वाटलं, न्यायलाच आला. म्हणलं, परदेशी कुणी नाय, माझी नणंद हाय. खोटं काय त्यात? आमचे हे मनमाडला रेल्वेत. ही पोर झाली तवा दोन दिस घरी येता आलं नाय त्यांना. ह्या बाईंनीच मला मोकळी केली. भाऊबीजेला ह्याच त्यांना ओवाळतात. मंग?”

मी ग्रेटाबाईंकडे वळलो आणि इंग्रजीत विचारलं, “मायदेशातलं नाव मागितलं होतं. तुम्ही हिचं का लिहिलंत?”

“तिकडे माझं कोणी उरलं नाही,” त्या शांतपणे म्हणाल्या. “मी गेले तर कळवायचं कुणाला, हेच विचारलंय ना? हिलाच कळवा.”

ग्रेटाबाईंनी अर्जात काय लिहिलं ते मालनबाईंना ठाऊक नव्हतं. मालनबाईंनी शिपायाला काय सांगितलं ते ग्रेटाबाईंना कळलं नव्हतं. एकीला मराठी धड येत नव्हतं, दुसरीला इंग्रजी. तरी सरकारने विचारलं तेव्हा दोघींनी एकच उत्तर दिलं होतं. इतकी वर्षं नातेवाईकांचे रकाने तपासले, पण नातं असं समोर उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी सायकल वळवली.

कचेरीत येऊन नवा अहवाल स्वतः लिहिला. साहेबांनी वर्षभराची मुदत दिली. राहता राहिला माझा लाल गोल. ती शाई काही खोडता येत नाही. म्हणून त्याच्या शेजारी त्याच शाईने लिहिलं: ‘समक्ष जाऊन खात्री केली. नोंद बरोबर आहे.’