शिरक्याची बाटली

सालुद घरातून निघाली ती डोक्यात राख घालूनच. पोटच्या पोरीनं, रोवेनानं, दारातच सुनावलं होतं, की आई, दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीला जाऊन बसत नाहीस तोवर बाळाला हात लावायचा नाही. आणि पोरीचं चुकलं काय होतं? गेल्या आठवड्यात नात हातातून निसटली, नशीब की खाली गादी होती. त्या दुपारी सालुदच्या पोटात नारळाची लाल माडी होती. राग तिला स्वतःचाच आला होता, पण स्वतःवर ओरडणार तरी किती? म्हणून तो भेटेल त्याच्यावर निघत होता.

आधी ती बैठकीची चौकशी करायला चर्चच्या कचेरीत गेली. तिथल्या बाईनं मान वर न करताच सांगितलं, नवऱ्याला स्वतः येऊ दे, बायकोनं ओढून आणलेला टिकत नाही. आरोग्य केंद्रातल्या नर्सनं तर तिचा हात हातात घेतला आणि मारतो का म्हणून हळूच विचारलं. कोण मारणार, तिचा नवरा आमादो? त्या बिचाऱ्यानं जन्मात माडी चाखली नव्हती. गल्लीतले पुरुष एकच पेला फिरवत गोल करून बसले, की हा कोंबड्यांना दाणे टाकायच्या निमित्तानं उठायचा. असा पुरुष लेयतेच्या अख्ख्या बेटावर शोधून सापडला नसता, आणि जो तो त्यालाच बेवडा ठरवून मोकळा. खरं सांगायला सालुदनं दोन्हीकडे तोंड उघडलं आणि दोन्हीकडे मिटलं. बाईमाणसानं मी पिते म्हणून सांगायचं कुठल्या तोंडानं? त्या शरमेचाही तिला संताप आला. शेवटी नर्सनंच ठिकाण सांगितलं. धक्क्यामागे, बर्फाच्या कारखान्याला लागून, दर गुरुवारी संध्याकाळी.

गुरुवारी ती तिथं पोचली. खोलीत गोलात मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि त्यांवर सगळे पुरुषच. त्यांचा म्होरक्या क्रिसपिन. एके काळी पिऊन धक्क्यावर लोळायचा, आता कित्येक वर्षांत शिवलेला नाही, म्हणून सगळं बंदर त्याला मानोय म्हणायचं, थोरला भाऊ. तो अदबीनं उठला.

"मानाय, बायका मागं बसतात," तो थोरल्या बहिणीला हाक मारावी तसं म्हणाला. "मालक आले की घेतो आम्ही त्यांना सांभाळून."

आणि सालुद गेली की मागं! मासळीबाजारात भल्याभल्यांची तोंडं बंद करणारी बाई, मुकाट्यानं परसात जाऊन बाकावर बसली.

परसात सदस्यांच्या बायका बैठकीनंतरची आल्याची पेज शिजवत होत्या. तुमचा कुठला, म्हणून एकीनं विचारलं. सालुद काहीतरी पुटपुटली. क्रिसपिनची बायको कोन्सिंग टोपात पळी फिरवत होती. तिनं सालुदला शेजारी बसवलं, आलं सोलायला दिलं आणि तिचे डोळे भरलेले पाहून फळीवरची शिरक्याची बाटली काढली. कुणाचं लक्ष नाही असं बघून पेल्यात ओतलं.

"घे, घोटभर शिरका," ती कुजबुजली. "जीव थंडावतो."

शिरका कसला! वास आला तशी सालुद ओळखून चुकली. या बेटावर माडी आंबवूनच शिरका करतात. रंग तोच, बाटली तीच, त्यामुळे चुलीवरच्या फळीकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नाही. सालुदच्या घरीही अशीच बाटली अशाच फळीवर होती, आणि आमादोनं कधी तिचं बूच काढलं नव्हतं.

तिच्या तोंडाला पाणी सुटलं. हात पेल्यापर्यंत गेलासुद्धा. कोन्सिंग तिच्याकडे इतक्या मायेनं बघत होती, की तिथंच सालुदचं टाळकं फिरलं. कोन्सिंगवर नाही. त्या दाराच्या पलीकडे हे बाप्ये एकमेकांना दुःखं सांगून डोळे पुसतायत, आणि अलीकडे त्यांच्या म्होरक्याची बायको शिरक्याच्या बाटलीतून पिऊन त्यांचीच पेज ढवळतेय! तिनं पेला जमिनीवर ठेवला, उठली आणि सरळ आत जाऊन एका रिकाम्या खुर्चीत बसली.

बोलणारा बोलता बोलता थांबला. क्रिसपिननं समजावणीच्या सुरात सांगितलं, की बाईमाणसासमोर पुरुषांना मोकळेपणी बोलता येत नाही.

"मग नका बोलू. मी बोलते," सालुद म्हणाली. "माझा मालक येणार नाही. तो पीत नाही, मी पिते. शिरक्याच्या बाटलीतून पिते, म्हणून कुणाला कळत नाही. माझ्या हातून नात पडली. तुम्ही गटारात पडलात तर चार माणसं उचलून आणतात, वर पेज भरवतात. आम्ही चुलीपाशी पितो आणि तिथंच रांधतो. मला परत त्या बाकावर पाठवलंत तर मी आज पिणार, आणि मग नात काही माझ्या मांडीवर येत नाही. बोला, उठवताय मला?"

कोन्सिंगबद्दल तिनं चकार शब्द काढला नाही. परसातली पळी थांबली होती.

कोन्सिंग दारात आली. हातात तीच बाटली. ती तिनं नवऱ्याच्या पायाशी ठेवली आणि खुर्ची ओढून सालुदच्या शेजारी बसली. क्रिसपिननं बूच काढून वास घेतला. इतक्या वर्षांनीही त्याचं नाक विसरलं नव्हतं. तो बाटलीकडे बघत राहिला, बायकोकडे बघायची त्याची छाती होईना.

तेवढ्यात परसातून करपल्याचा वास आला.

"वहिनी, पेज लागतेय," कुणीतरी सवयीनं म्हणालं.

कोन्सिंग हलली नाही.

"लागू दे," ती म्हणाली.